चोरीस चालतात, पाव चालत नाही: ग्लुटेनशिवाय जिवाला बरं वाटणारं खाणं

माडाखालची
शुक्रवार, रात्री ९:४०

आज म्हापशाचा बाजार होता. चोरिसांच्या, म्हणजे गोव्याकडच्या डुकराच्या मांसाच्या सॉसेजच्या, माळा टांगलेल्या असतात त्या ओळीत शिरलं की व्हिनेगर, लसूण आणि सुक्या मिरचीचा वास ओढणीला चिकटतो तो थेट घरापर्यंत येतो. मी मूळची बांद्याकडची, नोकरीमुळे चौदा वर्षं इथे. माहेरी हे कुणी खाल्लेलं नाही. मला चोरीस लावले शेजारच्या मायने. पहिलाच पावसाळा, वीज गेलेली, अंगात कणकण, आणि तिने दार वाजवून गरम पोयीत, म्हणजे इथल्या गव्हाच्या पावात, भरलेले चोरीस हातात ठेवले. लाल तेल पोयीत मुरलेलं, कांदा पार विरघळलेला. तेव्हापासून जीव थकला की मला तेच आठवतं. कुणाला मऊ भात आणि मेतकूट आठवतं ना, तसं.

२०१९ साली माझं हिमोग्लोबिन ७.४ वर आलं. आठ महिने लोहाच्या गोळ्या खाल्ल्या, आकडा हलेना. पाळीमुळे असेल, उपासांमुळे असेल, दगदगीमुळे असेल, असं ऐकत राहिले. शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी टीटीजीची, म्हणजे सीलिअ‍ॅकच्या संशयात करतात ती प्रतिपिंडांची, रक्ततपासणी सांगितली, मग दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा काढून तपासला. सीलिअ‍ॅक निघाला. गव्हातलं ग्लुटेन पोटात गेलं की माझं शरीर स्वतःच्याच आतड्यावर उलटतं, आतलं मखमलीसारखं अस्तर झिजतं, आणि मग गोळीतलं लोह घ्यायला तिथे काही उरतच नाही. गहू, जव, राय जन्मभर बंद. दुसरं औषध नाही.

सोबत एक छापील यादी मिळाली होती. 'टाळा' या रकान्यात ब्रेड, बिस्किटं, पास्ता आणि सॉसेज. मी निमूटपणे चोरीसही सोडले. दीड वर्ष. सकाळी पदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा भोंगा वाजला की मी खिडकी लावून घेत असे.

मग एका मे महिन्यात मायच्या अंगणात चोरिसांचं काम निघालं, मी मदतीला बसले. मांस चरबीसकट बारीक कापून मिठात ठेवलेलं. काश्मिरी मिरची, लसूण, आलं, मिरी, लवंग, दालचिनी, जिरं, हळद हे सगळं माडाच्या व्हिनेगरमध्ये वाटलेलं. ते मुरवून धुतलेल्या आतड्यात भरायचं, दोऱ्याने गाठी मारायच्या, उन्हात टांगायचं. मी विचारलं, "माय, यात पीठ कधी घालायचं?" ती माझ्याकडे बघतच राहिली. "पीठ कित्याक?"

खरंच, कशाला? ती यादी कुणीतरी वेगळ्याच देशातल्या सॉसेजसाठी लिहिली होती, आणि मी तिच्यापायी दीड वर्ष स्वतःला उपाशी ठेवलं. आपलं खाणं आपणच उलगडून बघायला हवं हे मला तेव्हा कळलं. इथे असं जगणारं कुणी आहे का? तुम्हाला काय सोडावं लागलं, काय परत मिळालं, आणि वाईट दिवशी तुम्ही काय खाता, ते सांगा.

पावसाळी_मँचेस्टर
शुक्रवार, रात्री ११:५५

ताई, ती यादी बहुधा इथल्याच सॉसेजवरून लिहिलेली असणार. ब्रिटिश सॉसेजमध्ये 'रस्क' घालतात, म्हणजे गव्हाच्या पिठाचा भाजलेला कोरडा चुरा. तो पाणी आणि चरबी धरून ठेवतो, सॉसेज मऊ होतं आणि स्वस्तही पडतं. 'पोर्क सॉसेज' हे नाव लावायला ४२ टक्के डुकराचं मांस असलं तरी कायद्याला पुरतं, मग उरलेल्या जागेत काय काय मावतं ते बघा.

माझ्या बायकोला सीलिअ‍ॅक आहे. सुपरमार्केटमध्ये आता तांदळाच्या किंवा मक्याच्या पिठाची सॉसेज सहज मिळतात, त्यामुळे आमचा रविवार वाचला. 'टोड इन द होल' हा इथला थंडीतला पदार्थ, खोलगट ट्रेमध्ये सॉसेज आणि भोवती अंड्या-दुधाचं पीठ फुलवलेलं. ते पीठ कॉर्नफ्लोअरचं केलं तर मैद्यापेक्षाही छान फुलतं. १०० ग्रॅम कॉर्नफ्लोअर, ३ अंडी, १५० मिली दूध, मीठ. ट्रेमधलं तेल धूर येईपर्यंत तापलेलं हवं, ओव्हन २२० अंशांवर, आणि २५ मिनिटं दार अजिबात उघडायचं नाही. वरून कांद्याचा रस्सा, तोही कॉर्नफ्लोअरनेच दाटवलेला.

ब्लॅक पुडिंग म्हणजे रक्ताचं सॉसेज, त्यापासून मात्र लांब राहा, त्यात जव किंवा ओट्स असतात. आणि फिश-चिप्सच्या दुकानात नुसते चिप्स मागितले तरी ते बऱ्याचदा मासे तळलेल्या तेलातच तळलेले असतात आणि माशाला मैदा असतो. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी आम्हाला हा धडा मिळाला. ती दोन दिवस अंथरुणावर होती.

नेकरकाठी
शनिवार, पहाटे ४:१०

जर्मनीत उलटं आहे. साधं ब्राटवुर्स्ट म्हणजे मांस, मीठ, मसाला, संपलं. न्युर्नबर्गची बोटाएवढी सॉसेज तर मार्जोरम या सुगंधी पाल्याच्या वासावरच खावी, सोबत बटाट्याचं सॅलड आणि आंबवलेला कोबी. अपवाद 'पिंकेल' आणि 'ग्रुत्सवुर्स्ट', त्यांत ओट्स किंवा जवाच्या कण्या असतात. करीवुर्स्टचं सॉस कधीकधी पिठाने दाट करतात, म्हणून विचारून घ्यायचं. युरोपात पाकिटावर गहू, जव वगैरे ठळक अक्षरांत छापावंच लागतं, त्यामुळे निम्मी काळजी दुकानातच मिटते.

सूर्यफूल७७
शनिवार, सकाळी ८:२०

छान धागा. मीही तीन महिन्यांपासून गहू सोडलाय, पोट हलकं वाटतं. तपासणी वगैरे केली नाही. गरज आहे का? बरं वाटतंय म्हणजे झालंच ना?

सूक्ष्मदर्शी
शनिवार, सकाळी १०:०५

सूर्यफूल, कृपया तपासणी करा. आणि ही गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते: गहू सोडल्यावर केलेली टीटीजी तपासणी खोटा दिलासा देऊ शकते. ग्लुटेन पोटात जात नसेल तर रक्तातल्या प्रतिपिंडांची पातळी उतरते, अस्तर भरून यायला लागतं, आणि अहवाल 'सर्व ठीक' असा येऊ शकतो. म्हणून तपासणी आधी, सोडणं नंतर. आता तुम्ही सोडूनच बसला आहात, तर किती दिवस परत खाऊन मग तपासायचं हे पोटविकारतज्ज्ञांना विचारा, स्वतःच्या मनाने ठरवू नका. सीलिअ‍ॅक असेल तर पथ्य जन्मभर आणि काटेकोर हवं, भाऊ-बहीण-मुलं यांचीही तपासणी हवी. नसेल, तर पोटाचं कारण दुसरीकडे शोधायला हवं. प्रयोगशाळेत रोज तुकडे बघते, म्हणून इतकं कळकळीने लिहितेय.

गव्हाचा हा संबंध पक्का होत गेला तो युद्धामुळे. विलेम डिके नावाचे डच बालरोगतज्ज्ञ होते. १९४४-४५च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये दुष्काळ पडला, पाव मिळेना. लोक उपाशी, आणि त्यांच्याकडची सीलिअ‍ॅकची मुलं मात्र सुधारायला लागली. पाव परत आला तशी ती पुन्हा आजारी पडली. डिकेंना गव्हाचा संशय आधीपासून होता, त्यांनी त्यावर पुढे काम केलं आणि १९५० साली प्रबंध लिहिला. त्याआधी या मुलांना नेमकं काय द्यायचं नाही हेच कुणाला नक्की ठाऊक नव्हतं.

सूर्यफूल७७
शनिवार, सकाळी १०:४०

हे कुणीच सांगितलं नव्हतं. सोमवारी वेळ घेते. मनापासून आभार.

लातूरची_आई
शनिवार, दुपारी २:१५

माझ्या मुलाला आहे, वय ९. वर्ष झालं, घरात त्याच्यासाठी पोळी नाही, ब्रेड नाही, बिस्किट नाही. ज्वारीची भाकरी, भात, वरण, भाजी एवढंच देते. तरी टीटीजीचा आकडा पुरेसा उतरत नाही. डॉक्टर म्हणतात, कुठूनतरी जातंय. मी रात्रंदिवस विचार करते. शाळेत कुणी देतंय का, लपून खातोय का. परवा त्याला रागावले तर रडला, म्हणाला आई मी शपथ काही खाल्लं नाही. काय करू?

मंगळवेढ्याचा
शनिवार, दुपारी ३:३०

ताई, पोराला रागावू नका. दळण कुठं करता?

गिरणीत गव्हावर तुमची ज्वारी पडली तर पहिलं शेर-दोन शेर पीठ गव्हाचंच मिसळून येतंय. जात्यात, डब्यात, झाडून घ्यायच्या कुंच्यात, सगळीकडं गहू असतो. माझ्या बहिणीचं असंच झालं होतं. भाकरीच खायची बिचारी, आणि भाकरीतूनच जायचं. आता घरघंटी घेतली, तिच्यात गहू घालायचाच नाही असा नेम आहे. घरघंटी जमत नसेल तर ज्वारी धुवून वाळवून स्वतंत्र पाट्या-जात्यावर, नाहीतर मिक्सरवर काढा आणि बारीक चाळणीनं चाळा. चाळणपण वेगळी. परातपण.

आणि मिक्सरच्या पिठाची भाकरी थापताना चिरत असेल तर उकळत्या पाण्यानं उकड काढून मळा. ज्वारीत चिकटपणा मुळातच नसतो, जुन्या पिठाची तर विरीच जाते. ताजं दळलेलं थोडं थोडं वापरायचं. आमच्याकडची मालदांडी मिळाली तर बघा, भाकरी दुसऱ्या दिवशीपण मऊ राहती.

माडाखालची
शनिवार, सायंकाळी ६:००

लातूरची आई, मंगळवेढ्याचे दादा अगदी बरोबर सांगताहेत. त्यात भर घालते. वरणाला हिंग कुठला घालता? बाजारात डबीत मिळतो तो बांधाणी हिंग, म्हणजे थोडा हिंग आणि बाकी डिंक आणि पीठ. ते पीठ बऱ्याचदा गव्हाचं असतं. डबीच्या मागे बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, बघा. माझंही पहिल्या वर्षी हेच झालं. पाव सोडला, पोळी सोडली, आणि रोज दोन वेळा आमटीत चिमूटभर गहू टाकत होते. तांदळाच्या पिठातला हिंग मिळतो, नाहीतर नुसत्या लसणाची फोडणी द्या.

हिंग बदलला की लोणचं, शेव, फरसाण, तयार सांबार मसाला, पापड हे सगळंही त्याच नजरेने बघावं लागतं. आणि वर मी मेतकुटाचं नाव घेतलं, तर त्यातही गहू भाजून घालतात. थालीपिठाच्या भाजणीतही. घरी दोन्ही गव्हाशिवाय करा, चवीत फरक कळतही नाही.

लातूरची_आई
शनिवार, सायंकाळी ६:२५

आत्ता डबी बघितली. गव्हाचं पीठ लिहिलंय.

मी वर्षभर त्याला मऊ भातावर हिंगाचं वरण देत होते, बरं वाटावं म्हणून.

सूक्ष्मदर्शी
शनिवार, सायंकाळी ६:४०

तुम्ही त्याची काळजी घेत होतात, ताई. आता सापडलं हे महत्त्वाचं. मुलांचं आतडं लवकर भरून येतं. पाकिटावर 'ग्लुटेनमुक्त' लिहिलेलं असेल तर आपल्याकडच्या नियमाप्रमाणे एका किलोत २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन नसावं लागतं, तेवढा आधार धरून खरेदी करा. दळण आणि हिंग दोन्ही बदलून, तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळी पुन्हा तपासा.

वसईवाली
शनिवार, रात्री ९:१०

आमच्या घरी सासूबाईंना आहे. आम्ही वसईचे कॅथलिक. आमच्यात सणाला, लग्नाला फुगे हवेतच, मैद्याचे आंबवलेले गोळे, तळून फुगतात. सासूबाईंच्या हातचे फुगे पंचक्रोशीत नावाजलेले. आजही त्या करतात, सगळ्यांना वाढतात आणि स्वतः इंदियालच्या (मांसाच्या आंबट-तिखट रश्श्याच्या) बरोबर तांदळाची भाकरी घेतात. मला ते बघवत नाही, पण त्यांना करण्यातच आनंद आहे.

आमच्याकडचा चोर होता बाटलीतला मसाला. पारंपरिक बॉटल मसाल्यात पंचवीस-तीस जिन्नस, आणि त्यांत भाजलेला गहू आणि चणेही असतात. कुणाच्या डोक्यातच येत नाही, कारण तो 'मसाला' आहे. आता मार्च-एप्रिलमध्ये मिरच्या वाळवतानाच त्यांचा वेगळा मसाला गव्हाशिवाय करतो, बाटलीला लाल दोरा बांधतो.

सगळ्यात कठीण गेलं ते मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला. तिथे प्रसाद म्हणून देतात ती ओस्ती, पातळ चकती, गव्हाचीच असते. २०१७ साली व्हॅटिकनने पुन्हा स्पष्ट केलं की पूर्ण ग्लुटेनमुक्त ओस्ती चालत नाही, अगदी कमी ग्लुटेनची चालते. ती प्रत्येक ठिकाणी मिळतेच असं नाही. सासूबाई सुरुवातीला मागच्या बाकावर बसून राहायच्या, उठायच्या नाहीत. आता फादर त्यांना फक्त चषकातला द्राक्षारस देतात, तोही वेगळा ठेवलेला. पहिल्यांदा तसं झालं त्या रविवारी घरी येऊन त्यांनी स्वतःहून चोरीस शिजवायला घेतले, किती महिन्यांनी!

तूपसाखर
रविवार, सकाळी ९:३०

आम्ही शाकाहारी. मुलीला सीलिअ‍ॅक, आणि तिला मैत्रिणींसारखं सॉसेज हवं असतं. शाकाहारी सॉसेज चालतील का?

पावसाळी_मँचेस्टर
रविवार, दुपारी १:००

फार जपून. शाकाहारी सॉसेजला मांसासारखा चिवटपणा यावा म्हणून अनेकदा निव्वळ गव्हाचं ग्लुटेनच घालतात. नाव 'सेइतान' असेल तर ते ग्लुटेनच. पाकीट वाचल्याशिवाय घेऊ नका.

माडाखालची
रविवार, दुपारी २:२०

तूपसाखर, दुधीचे मुटके करून बघा. किसलेला दुधी, ज्वारीचं पीठ, बेसन, तीळ, आलं-मिरची, थोडं दही. तळहातावर लांबट वळायचे, १५-२० मिनिटं वाफवायचे, गार झाले की तव्यावर तेलात सगळ्या बाजूंनी लाल करायचे. आकार तोच, बाहेरून कुरकुरीत तेही तसंच. डब्यात छान जातात.

आता पावाबद्दल. गोव्यात राहून पाव नाही हे दुःख खरं आहे, आणि तांदळाच्या पिठाचा पाव पोयीसारखा लागतो असं मी म्हणणार नाही. पण चोरिसाचं लाल तेल टिपून घेईल असा पाव जमला, तो सांगते.

तांदळाचं पीठ १५० ग्रॅम, साबुदाण्याचं पीठ १००, ज्वारीचं ५०. त्यात १५ ग्रॅम साधा इसबगोल, वासाचा-साखरेचा नव्हे. पिठाला एकत्र धरण्याचं ग्लुटेनचं काम हाच करतो. ५ ग्रॅम यीस्ट, २ चमचे साखर, १ चमचा मीठ, १ चमचा तेल, ३२० मिली कोमट पाणी. मळायचं असं नसतंच, चमच्याने घोटायचं, दहा मिनिटांत इसबगोल पाणी पितो आणि गोळा होतो. तेलाच्या हाताने सहा पाव वळून तासभर झाकून ठेवायचे, मग २०० अंशांवर २५-३० मिनिटं. पूर्ण गार झाल्याशिवाय फोडायचा नाही, नाहीतर आतून चिकट लागतो. मला तीन वेळा धीर धरवला नाही, तिन्ही वेळा चिकट निघाला.

आणि चोरीस: माळेतले मणी सोडून वरचं आवरण काढायचं. कढईत तेल अजिबात नको. चोरीस आणि अर्धी वाटी पाणी, मंद आच. चरबी सुटली की भरपूर उभा कांदा आणि बटाट्याच्या फोडी. मीठ नको, व्हिनेगर नको, दोन्ही आत आहे. अर्ध्या तासाने कांदा दिसेनासा होतो. बाजारातून घेताना मात्र सुटे, घरगुती करणाऱ्या बाईकडून घ्या आणि काय काय घातलंय ते विचारा. पाकिटातले असतील तर मागचा मजकूर वाचा. थंडगार पेटीतले चिकन सॉसेज ही वेगळी जात, त्यात पीठ असू शकतं.

लातूरची_आई
पुढच्या शनिवारी, रात्री ८:४५

हिंग बदलला. दळण घरी मिक्सरवर चालू केलं, दादांनी सांगितलं तशी उकड काढून. तपासणीला अजून वेळ आहे.

पण सांगायला आले ते वेगळंच. पाव केला. पहिल्यांदा दगड झाला, पाणी कमी पडलं असावं. काल पुन्हा केला. आत बटाटेवडा आणि लसणाची चटणी घालून दिला. बटाटेवडा बेसनाचाच, घरच्या स्वच्छ तेलात. वर्षानंतर त्याने वडापाव हातात धरला. खाण्याआधी मला विचारलं, "आई, हा नक्की माझाच आहे ना?"

माडाखालची ताई, आम्ही चोरीस खात नाही, पण गोव्याकडची सान्नां, तांदळाची इडलीसारखी वाफवलेली, करायची आहेत. ती फुगवायला इकडे माडाची सूर (ताडीसारखी) मिळणार नाही. यीस्टवर होतील का?

माडाखालची
पुढच्या शनिवारी, रात्री ९:३०

होतात, मायसुद्धा आता पुष्कळदा यीस्टवरच करते. दोन वाट्या इडलीचा तांदूळ सहा तास भिजवा. एक वाटी ओलं खोबरं आणि थोडंसं पाणी घालून गंधासारखं बारीक वाटा. अर्धा चमचा यीस्ट कोमट पाण्यात साखर घालून फुलवून त्यात मिसळा, चवीला मीठ आणि अजून दोन चमचे साखर. झाकून दीड तास, दुप्पट होतं. वाट्यांत अर्ध्यापर्यंतच ओता, वर यायला जागा हवी. पंधरा मिनिटं वाफ. लातूरच्या उन्हाळ्यात तासातही वर येईल, लक्ष ठेवा.

तुमच्याकडच्या काळ्या मसाल्याच्या रश्श्यात बुडवून द्या त्याला. मायला वडापावाचं सांगितलं. ती म्हणते, त्या पोराला सुट्टीत घेऊन या, सान्नां मी करते.